कोश्या कोणाचा

पवनीच्या आमच्या घरी पाहुणा आला की पायरीवरच एकदा थबकायचा आणि नाकाजवळ हात न्यायचा. आम्हाला त्याचं नवल वाटे, कारण आम्हाला कसलाच वास येत नसे. घरात आठवड्यातून तीनदा कोसा, म्हणजे रानरेशीम, उकडला जाई. सोड्याच्या पाण्यात कोष शिजले की आतला किडाही शिजतो, आणि तो वास भिंतींत, पांघरुणांत, आमच्या केसांत मुरलेला असे. आत्या मागच्या पडवीत बसून, लुगडं मांडीपर्यंत सारून, आठ-आठ कोषांचे तंतू एकत्र धरायची आणि उघड्या मांडीवर तळहाताने धागा वळायची. पुढच्या खोलीत बाबांचा माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात बाबांचे पाय, आणि सकाळी सातपासून खटक-खटक. खटक-खटक थांबली की आई चुलीपासून विचारायची, "काय झालं जी?" आणि बाबा म्हणायचे, "तुटला." तुटलेला धागा जोडायची गाठ आमच्या घरी मुळाक्षरांच्या आधी शिकवत. बारीक, चपटी, फणीतून न अडकता जाणारी, आणि एकदा बसली की पुन्हा न सुटणारी. मी ती पाचव्या वर्षी शिकले. बाबांनी ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली, आणि आईला बोलावून दाखवली. त्यानंतर सात वर्षं त्या घरात जे काही कौतुक व्हायचं ते माझंच व्हायचं, कारण मी एकटीच होते.

छाया आली ती मी सातवीत गेले त्या जूनमध्ये. छाया म्हणजे माझ्या काकांची मुलगी. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, काकूच्या माहेरगावी शेती करून राहत. ते गाव गोसीखुर्दच्या धरणात जाणार होतं. नव्या जागी प्लॉट मिळून घर उभं होईपर्यंत पोरीच्या शाळेचा खोळंबा नको म्हणून काकांनी तिला एक वर्षासाठी आमच्याकडे आणून सोडलं. ती माझ्यापेक्षा सत्तेचाळीस दिवसांनी मोठी होती. हा आकडा मी तेव्हाच काढला होता, आणि सत्तेचाळीस दिवस म्हणजे काही फार नाही असं स्वतःला बजावून ठेवलं होतं. ती उंचीने माझ्याहून दोन बोटं जास्त भरली, तेव्हा दर रविवारी आम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करू लागलो. म्हणजे मी करू लागले. ती नुसती हसत उभी राहायची.

तिच्यात वाईट असं काही नव्हतं, आणि तीच माझी अडचण होती. ती झिंग्यांची चटणी अशी भाजायची की आई म्हणायची, "मले नाही येत वं अशी." ती दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवायची. आत्याजवळ पंधरा दिवस बसून ती मांडीवर धागा वळायला शिकली. आत्या मला कधी ते शिकवत नव्हती, "तुयं अभ्यासाचं पाय" म्हणायची. भाताच्या भांड्याच्या तळची लालसर खरवड आजवर माझी असायची. ती आता निम्मी-निम्मी होऊ लागली, आणि वाटणी करताना आईचा हात छायाकडे किंचित झुकतो असं मला वाटे. मी एकदा तसं म्हणाले. आई म्हणाली, "तिचं गाव चाललं, बाई. तुयं काय चाललं?" आज वाटतं, तेव्हा गाव जाणं म्हणजे काय ते मला समजत नव्हतं असं नाही. समजत होतं. पण ज्याचं दुःख मोठं त्याला सगळं आधी मिळतं, आणि माझ्याजवळ तर सांगायला दुःखच नव्हतं, याचाही मला राग येत होता.

कोश्या मात्र मी आणला. आषाढात, शाळेतून येताना, पिठाच्या चक्कीमागे पोत्यांखाली कुईकुई ऐकू आली. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू, रंगाने हुबेहूब न रंगवलेल्या कोशासारखं, फिकट तपकिरी, आणि केस दाट. दप्तरातली पुस्तकं हातात घेतली आणि त्याला दप्तरात घातलं. बाबा माग थांबवून म्हणाले, "कुत्रं अन् ताणा एका घरात राहत नसते, वैशू." मी वचन दिलं की तो मागाच्या खोलीत, ताण्याच्या उभ्या धाग्यांजवळ, पाऊल टाकणार नाही. नाव आत्याने ठेवलं. उकडलेल्या कोशांतून निघालेले किडे तो असे खायचा की जणू त्याच्यासाठीच एवढा खटाटोप चालला आहे. पहिले पंधरा दिवस तो माझ्या पायाशी झोपला. मी त्याला उचलून घ्यायचे, पोरांना दाखवायचे, कान उलटून बघायचे, दात मोजायचे.

मग तो छायाकडे जाऊ लागला. ती त्याला उचलत नव्हती, हाक मारत नव्हती. आत्याशेजारी भिंतीला टेकून धागा वळत बसायची, आणि तो येऊन तिच्या गुडघ्याला पाठ लावून पसरायचा. मला ते खरं वाटेना, म्हणून मी मोजलं. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानांवर रकाने आखले. आम्ही दोघी पडवीच्या दोन टोकांना बसलो असताना तो कोणाकडे जातो, किती वेळ थांबतो, त्याला कोणी कुठे हात लावला आणि त्याने काय केलं. सोळा दिवसांत तो छायाकडे एकेचाळीस वेळा गेला आणि माझ्याकडे सतरा. त्या सतरापैकी नऊ वेळा माझ्या हातात काही खायचं होतं, हेही मी खाली लिहून ठेवलं. खोटी नोंद मला तेव्हाही जमत नसे.

"काय लिहून राहिली वं एवढं?" छायाने एकदा विचारलं.

"गणित."

"कोन्तं?"

"तुले नाही समजाचं."

"नोको सांगू," ती म्हणाली. "पण कुत्र्याकडे पाहू पाहू कोन्तं गणित सुटते, ते त सांग."

दसऱ्याच्या सुमारास मी आत्याच्या टोपलीतून धागा काढून घेतला. नऊपदरी केला, पीळ दिला. कोश्याच्या मानेचं माप घेतलं, एक वीत भरलं. दोन बोटं जातील एवढी ढिलाई ठेवून धागा त्याच्या गळ्याभोवती केसांच्या आत बांधला आणि आमची ती गाठ मारली. धागा आणि कुत्रा एकाच रंगाचे, त्यामुळे काही दिसत नव्हतं, आणि दिसायला नकोच होतं. दुसऱ्या कोणाला सांगायचं नव्हतं. छायाच्या गुडघ्याशी तो पसरलेला दिसला की मला मनात म्हणता यावं, माझा धागा त्याच्या गळ्यात आहे, एवढंच हवं होतं. आठ-पंधरा दिवस त्या विचाराने मला बरं वाटलं. मग मी तो विसरले. ज्या मुलीने दोन बोटं ढिलाई मोजून ठेवली, दर रविवारी स्वतःच्या उंचीची खूण केली, तिच्या डोक्यात हे आलं नाही की पिल्लाची मान वाढते आणि वळलेला कोसा वाढत नाही.

पौषात कोश्या बिघडला. आधी त्याने किडे खाणं कमी केलं. मग तो पाण्याच्या माठाच्या तिवईखाली जाऊन बसू लागला, आणि तिथून कोणी काढायला गेलं की गुरगुरायचा. आत्याने डोक्यावरून हात मागे नेला तर झटक्यात वळून त्याने दात दाखवले. शेजारच्या यमुनाबाईंच्या लुगड्याचा काठ फाडला. शिट्टी वाजवली की धावत येणारा कुत्रा छायाची शिट्टी ऐकून कान पाडून तिथेच थांबू लागला. घरात प्रत्येकाचं एक मत होतं. आत्या म्हणे दीठ लागली, आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकी. आई म्हणे, जवान झाला, आता असंच. बाबा म्हणत, किडे खाऊ घातले, तोंडाला चटक लागली. यमुनाबाई फाटका काठ हातात धरून पायरीवर बसल्या आणि त्यांनी निकाल दिला.

"मी सांगतो तुमाले, हे कुत्रं जळून राहिलं. नवी पोट्टी घरात आली, सगळे तिचे लाड करून राहिले. जनावराले का समजत नाही? माणसापरीस जास्त समजते."

"जूनपासून आहे न व ते," आई म्हणाली. "आताच काहून जळन?"

"साचत जाते माय ते. पोटात साचत जाते, मंग एक दिवस बाहेर येते."

मी पडवीत बसून ऐकत होते. माझे कान तापले. यमुनाबाई कुत्र्याबद्दल बोलत होत्या.

खरं सांगायचं तर ते दिवस माझे आनंदाचे होते. वहीत छायाचा रकाना रिकामा पडू लागला. कोश्या माझ्यावरही गुरगुरायचा, पण ते मी फारसं मनावर घेतलं नाही. तिच्याकडे तो जात नाही, हे मोठं होतं. एका संध्याकाळी छाया तिवईपासून हातभर अंतरावर जमिनीवर पालथी पडून त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती, "काय झालं रे तुले, सांग न, मले सांग," आणि तो नजर चुकवत होता. मी दारात उभी राहून तो सगळा वेळ पाहिला आणि आत जाऊन लिहून ठेवला. बारा मिनिटं. एकदाही गेला नाही.

माघात एका सकाळी पाजण होती. पाजण म्हणजे ताण्याचे धागे गल्लीत लांबच लांब ताणून त्यांवर भाताची खळ कुंच्याने लावायची, उन्हं चढायच्या आत. घरातली सगळी माणसं लागतात आणि शेजारची दोन-चार येतात. खळ ओली असते तोवर ताण्याखालून उंदीरही जाऊ द्यायचा नसतो, कारण एक झटका बसला तर पंचवीस दिवसांची साडी सुरू व्हायच्या आधीच गेली. कोश्या कधी बाहेर आला कोणाला दिसलं नाही. मान वाकडी करून, मागच्या पायाने गळा खाजवत, फरपटत तो थेट ताण्याखाली शिरला. बाबा ओरडले. मी माझ्या टोकाला काठी धरून उभी होते, सोडता येत नव्हती. छाया सगळ्यांत जवळ होती. तिने वाकून त्याला मानेला धरलं आणि मागे ओढलं.

तो कुत्र्याचा आवाज नव्हता. आधी किंकाळी आली आणि मग चावा. उजव्या हाताच्या मनगटाखाली चार दात, त्यांतले दोन खोल. छायाने हात सोडला नाही. त्याला ताण्याच्या बाहेर काढलं, आणि मगच खाली बसली. ताणा वाचला.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं ते बाबांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. पोटात इंजेक्शनं, रोज एक, चौदा. कुत्र्याला मारू नका, कोंडून ठेवा आणि दहा दिवस बघा. तो धडधाकट राहिला तर पुढची इंजेक्शनं लागणार नाहीत. मेला तर पूर्ण घ्यावी लागतील. गल्लीतले लोक मारा म्हणत होते. बाबांनी पोतं टाकून, काठीने रेटत, कोश्याला सरपणाच्या खोलीत कोंडला आणि गल्लीला सांगितलं, "दहा दिवस थांबा. अकराव्या दिवशी मी सोता नदीपार नेऊन सोडतो. चावणारं कुत्रं मी घरात ठेवत नाही." नदीपार सोडलेली कुत्री तिकडच्या कुत्र्यांनी फाडलेली आम्ही पाहिली होती. म्हणजे मारणंच, फक्त आपल्या हाताने नाही.

रोज सकाळी बाबा माग बंद ठेवून छायाला सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेत. मला त्यांनी दांडीवर शेवटचं कधी बसवलं होतं ते मला आठवत नव्हतं. परतताना तिच्या चांगल्या हातात जिलबीचा पुडा असे. आई तिला मांडीवर निजवून पोटावर कोमट फडकं धरायची. आत्या बाजूला बसून वारा घालायची, माघाच्या थंडीत. मला इंजेक्शनांचाही हेवा वाटला. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, तरी ते खरं आहे. मी न्हाणीघरात जाऊन स्वतःच्या पोटाला चिमटे काढून बघितले, किती दुखत असेल म्हणून, आणि ठरवलं की फार काही दुखत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी वही उघडली. छायाची शेवटची नोंद करायची राहिली होती. ती लिहिताना मी पौषापासूनची सगळी पानं चाळली. दचकणं, गुरगुरणं, दात दाखवणं, चावणं मिळून एकतीस नोंदी. 'कुठे हात लावला' या रकान्यात सव्वीस ठिकाणी एकच शब्द होता. मान. उरलेल्या पाचांत तीन वेळा डोकं, म्हणजे हात मानेकडे चालला होता. ज्या दोनदा कोणी फक्त पाठीवर हात ठेवला होता, तेव्हा तो आधी दचकला आणि मग गप्प राहिला होता. मी हे सगळं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, बेरजेसाठी तयार, आणि मला भलत्याच रकान्याची बेरीज करायची घाई होती. मी उठून सरपणाच्या खोलीच्या फटीतून पाहिलं. तो लाकडांना टेकून मान खाली घालून उभा होता. मागचा पाय उचलून गळ्याकडे नेला, ओरडला, पाय खाली ठेवला. पायाचे केस ओले होते. माश्या होत्या. वास असणारच, पण आमच्या घरात तो कोणाला येणार?

आजही कोणी सांगितलं की आमचा कुत्रा एकाएकी अंगावर यायला लागला, तर मी एवढंच म्हणते, स्वभाव नंतर बघा, आधी अंग बघा. लोकांना वाटतं बाईंना कुत्र्यांचा नाद आहे. मी त्यानंतर कुत्रा पाळलेला नाही.

तीन दिवस मी गप्प राहिले. कारण सांगितलं असतं तर धागा कोणी बांधला हे आलं असतं, आणि का बांधला हे आलं असतं, आणि हे सगळं छायाच्या पोटातल्या सुयांसमोर आलं असतं. सातव्या दिवशी दुपारी बाबा बाजारात गेले असताना मी मागाची बारीक कात्री आणि वाटीभर किडे घेऊन एकटीच आत गेले. म्हटलं, गुपचूप कापून टाकू, कोणाला कळायचं नाही. कोश्याने वाटीकडे पाहिलं नाही. माझ्या हाताकडे पाहिलं, ओठ मागे नेले, आणि मी दोन पावलं आले की तो दोन पावलं लाकडांत शिरला. चारदा प्रयत्न केला. त्याला माझी भीती वाटत होती. वाटी तिथेच ठेवून मी बाहेर आले.

कोश्या आता एकाच माणसाला जवळ येऊ देईल, तर ते कोण, हे मला वहीशिवाय माहीत होतं.

आठव्या दिवशी छाया दवाखान्यातून येऊन पडवीत पडली होती. आई पाण्याला गेली होती, बाबांचा माग चालू झाला होता. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं, भिंतीकडे पाहत. धागा, माप, गाठ, दसरा, वही. एकेचाळीस आणि सतरासुद्धा.

तिने पट्टीची सुटलेली कड आत खोचली. मग म्हणाली, "कुत्र्यासाठी?"

मी मान हलवली.

"मांगाचं होतं न मंग. देलं असतं मी."

मला वाटलं होतं ती रडेल, मारेल, आईला हाक मारेल. देलं असतं! चक्कीमागून दप्तरात घालून मी आणलेला कुत्रा ती मला देणार होती. त्या क्षणीसुद्धा, सगळा अपराध माझा असताना, माझ्या तोंडावर आलं की तो तुझा होताच कधी. मी ते गिळलं.

"तूच जवळ जाऊ शकतं," मी म्हणाले. "येजो?"

"चावला मले त्यानं."

"मालूम आहे."

"तुले काय मालूम," ती म्हणाली आणि पोट धरून उठली. "चाल. कैची घे. अन् ते कोशाचे किडे नोको आनू, वास मारते."

ती सरपणाच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसली, पाठ त्याच्याकडे करून, आणि पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून काहीबाही बडबडू लागली. नव्या गावी म्हणे नळ घरात येणार आहे. त्यांची म्हैस म्हणे जुन्या गोठ्याकडेच पळून जाते, तिला काय सांगायचं. मागाचा आवाज येत होता. मी दारात कात्री आणि धाग्यातल्या गाठी उचलायचा चिमटा धरून उभी होते. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही, एवढं आठवतं. कोश्या आला. आधी तिची पाठ हुंगली, मग वळसा घालून समोर आला आणि डोकं तिच्या मांडीवर टाकलं, अंगातली सगळी हवा गेल्यासारखं. तिने त्याचे दोन्ही डोळे तळव्याने झाकले. "ये आता," ती म्हणाली. "हळू. घाबरू नोको, मी धरलं."

केस बाजूला सारले तेव्हा धागा दिसला नाही. नुसती ओली, लाल चीर, गळ्याभोवती. धागा तिच्या आत होता. गाठीपाशी थोडा वर होता, तिथून मी चिमट्याने उचलला. पीळ दिलेला नऊपदरी कोसा, एका कातरीत तुटेना. कोश्या थरथरत होता, गुरगुरत होता, पण त्याने डोकं उचललं नाही. तिसऱ्या कातरीला धागा सुटला आणि मी तो ओढून काढला. तो निघताना कोश्या ओरडला आणि त्याने तिचा पट्टीचा हात तोंडात धरला. दात न लावता, नुसता धरून ठेवला. मी त्याच्या मानेवर वाकले होते, माझ्या बोटांना त्याचं रक्त लागलं होतं, आणि तो तिच्याकडे पाहत होता.

ओरडणं ऐकून माग थांबला. बाबा आणि आत्या दारात आले. आत्याने माझ्या हातातला धागा घेतला, बोटांत फिरवला. "हा त माया धागा होय," ती म्हणाली आणि गाठीवर येऊन थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या गल्लीत गाठीवरून माणूस ओळखू येतो.

"मी बांधला होता, आत्या," छाया म्हणाली. "दसऱ्याले. दीठ लागू नये म्हनून."

आत्याने गाठीवर अंगठा ठेवला. मी बाबांकडे पाहिलं. माझं काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. बाबांचा हात उठायला फार वेळ लागत नसे. ते कुत्र्याच्या गळ्याकडे पाहत राहिले, मग छायाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लेकराले काय समजते." बस्स. एवढंच. तिच्या जागी मी असते तर मागाच्या दोरीने फोडून काढलं असतं, आणि तिला हे! माझ्याच गुन्ह्याची माफीसुद्धा तिला मिळाली. खाली मान घालून उभं राहायचं सोडून मी तेव्हा हाच हिशेब करत होते.

जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर आले, त्यांनी जखम धुतली, लाल औषध लावलं आणि सांगितलं की आणखी आठवडा गेला असता तर धागा श्वासनळीपर्यंत पोचला असता. अकरावा दिवस आला आणि कोश्याला नदीपार कोणी नेलं नाही. छायाची इंजेक्शनं दहावर थांबली. गल्लीला बाबांनी स्वतः जखम दाखवली, आणि यमुनाबाई म्हणाल्या, "मी त तवाच म्हनत होतो, जनावर आहे, काहीतरी दुखत असन."

छाया साध्वी नव्हती, हेही सांगायला हवं. दोन दिवसांनी पडवीत धागा वळता वळता ती म्हणाली, "तुयं नाव मी नाही घेतलं. आता कोश्या माया."

"म्हंजे?"

"म्हंजे माया. तुया नाही. मी जाईन तवा घेऊन जाईन."

"अन् नाही म्हटलं त?"

"मंग सांग तुया बाबाले, मीच बांधला म्हनून. मी काय थांबवलं तुले?"

तिने मला कोंडीत धरलं असं मी तेव्हा म्हणत असे. पण दार उघडंच होतं. फेब्रुवारी ते मे, रोज उघडं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर मार खाल्ला असता, आणि कुत्रा राहिला असता.

मे महिन्यात परीक्षा संपल्यावर काका टेम्पो घेऊन आले. छायाची पेटी, गादी, आत्याने दिलेली कोषांची टोपली आणि कोश्या. बाबा टेम्पोजवळ आले, कोश्याची मान सारून पाहिली. तिथे आता केस आले होते, मध्ये एक गुळगुळीत रेघ होती. ते काकांना म्हणाले, "अरे, हे कुत्रं वैशूनं आनलं होतं. थे रडन. राहू दे इथंच." आणि माझ्याकडे पाहिलं. छायानेही पाहिलं. टेम्पोत बसल्या बसल्या कोश्याच्या पाठीवरचा हात तिने उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"नेऊ द्या," मी म्हणाले. "तिचाच आहे तो."

बाबांनी मला जवळ ओढलं. त्यानंतर कित्येक वर्षं, माझ्या लग्नात सुद्धा, ते लोकांना सांगत, माझ्या पोरीचं मन मोठं, जीव लावलेलं कुत्रं बहिणीला देऊन टाकलं. मी दर वेळी ऐकून घेतलं. ते कौतुक मला आवडायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आठवडाभर राहायला काकांच्या नव्या गावी गेले. सरळ रस्ते, सारख्या भिंती, दारांवर रंगाने लिहिलेले आकडे. झाडं गुडघ्याएवढी. मी आकडे वाचत चालले होते, तेवढ्यात एका दारातून मोठा, भरलेला, तपकिरी कुत्रा भुंकत माझ्या अंगावर आला. चांगल्या, निरोगी कुत्र्याने परक्या माणसावर भुंकावं तसा. मी पिशवी आडवी धरून उभी राहिले. छाया आतून हात पुसत आली आणि तिने त्याला मानेला धरलं. घट्ट, भरल्या मुठीने, नेमकं तिथेच. तो गप्प झाला आणि तिच्या पायाला टेकून बसला.

"ये न," ती म्हणाली. "काही करत नाही तो. आपलाच आहे."

मी चहा घेतला, काकूने केलेले अनारसे खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत आले. आईने विचारलं, आठ दिवस राहणार होती ना? मी म्हणाले, तिकडचं पाणी मानवलं नाही.